डॉक्टर दिघ्यांचा एक घोट

आमचे हे रसायनशास्त्राचे डॉक्टर. तरी बडोद्याच्या आमच्या रावपुऱ्यात कुणाला ताप आला की फोन आमच्याकडेच. हे चिडायचे नाहीत, हसून म्हणायचे, "अहो, मी पाण्याची नाडी बघतो, माणसाची नाही." जन्मभर पाणीच तपासलं. रिटायर झाल्यावर घरात बसवेना, म्हणून सरकारी विज्ञान-प्रसाराच्या गाडीत चढले. मी म्हटलं होतं, कशाला ही नसती उठाठेव? पण ऐकतील तर ते बाळकृष्ण दिघे कसले!

पहिला कार्यक्रम गोरव्याच्या एका शाळेत. फेसाचा ज्वालामुखी केला आणि सगळा फेस प्रमुख पाहुण्यांच्या कोऱ्या सिल्कच्या झब्ब्यावर. ते बिचारे झब्बा पुसत भाषणात म्हणाले, "जादूगर दिघेसाहेबनो आभार." जादूगर! रात्री आमटीचा भुरका मारताना हे मधेच थांबून तोच शब्द पुटपुटत होते. मला हसू आवरेना.

मग आलं ग्रहण. ग्रहण लागलेलं असताना सगळ्यांनी मिळून फाफडा-जलेबी खायची, म्हणजे अंधश्रद्धा जाईल, असा सरकारी बेत. उद्घाटन झालं ते नारळ फोडून! ताट पुढे आल्यावर जिल्ह्याचे साहेब म्हणतात, "मारे तो आजे उपवास छे." लोकांनी आपापली जलेबी कागदात बांधली, ग्रहण सुटल्यावर आंघोळ करून खायला. शेवटी ह्यांनी एकट्यांनी स्टेजवर उभं राहून बकाबका खाल्लं. तेव्हा कुठे चार बायकांनी भीत भीत तुकडा तोंडात टाकला. घरी येताना स्कूटरवर मला म्हणाले, "निरू, लोक माझं ऐकत नाहीत गं. माझ्या तोंडात काय जातं, ते बघतात."

झालं. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमात हे काहीतरी खाऊन-पिऊन दाखवायला लागले. क्लोरीनचं पाणी, सोयाबीनचं दूध, कसल्याशा शेवाळाची हिरवी वडी. लोक पोट धरून हसायचे आणि मग तेच खायचे. "खाईने बतावे ए डॉक्टर" म्हणून तालुक्यात नाव झालं. मलाही कौतुक वाटायचं, खोटं कशाला बोलू?

पादरा शहराच्या पुढे एक गाव आहे. नाव नाही सांगत, त्यांनी सोसलं तेवढं पुरे. तिथल्या बोअरला गढूळ, कडवट पाणी यायला लागलं होतं, म्हणून टँकर सुरू केलेला. पाणी तपासायला गेलेलं, रिपोर्ट यायचा होता. तेवढ्यात वरून हुकूम आला, जलजागृती शिबिर घ्या. ह्यांनी बोअरचं पाणी काचेच्या भांड्यात घेतलं, तुरटी फिरवली, गाळ खाली बसला. आणि सांगितलंही, "गाळ बसतो, विष बसत नाही. रिपोर्ट येईपर्यंत हे पिऊ नका." मी पुढच्याच खुर्चीत होते, माझ्या कानांनी ऐकलंय. पण माइक किंचाळत होता, चहा फिरत होता. कोण ऐकतंय?

बोलून बोलून ह्यांच्या घशाला कोरड पडली. घरून नेलेल्या बाटलीतलं पाणी पेल्यात ओतलं आणि एक घोट घेतला. टाळ्यांचा कडकडाट! मला वाटलं, भाषण आवडलं. ह्यांनाही तसंच वाटलं. वेडे कुठले, खुशीत हात जोडले.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. शेजारी तुरटीचं भांडं आणि ह्यांच्या तोंडाला पेला. खाली छापलेलं, डॉक्टरांनी गावाचं पाणी पिऊन दाखवलं. ह्यांनी ताबडतोब जिल्ह्याच्या साहेबांना फोन लावला, खुलासा छापा म्हणून. "थई जशे, थई जशे," साहेब म्हणाले. थई जशे, होऊन जाईल, म्हणजे कधीच होणार नाही, हे बडोद्यात हयात गेलेल्या माणसाला कळायला नको? पण ह्यांनी विश्वास ठेवला.

दोनेक महिन्यांनी रिपोर्ट आला. पाण्यात क्रोमियम, म्हणजे विषच. ह्यांनी पुन्हा साहेबांना फोन केला, टँकर वाढवा म्हणाले. पलीकडून उत्तर, "टँकर तो क्यारनो बंध छे. तमे पीधुं हतुं ने!" फोन ठेवला तेव्हा ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. म्हणाले, "निरू, टँकर केव्हाच बंद झालाय. मीच प्यायलो म्हणून गावातले लोक तेच पाणी पितायत, असं म्हणतात गं. माझ्यामुळे."

तसेच उठून गेलो. चौकात माणसं जमली. हे घसा फोडून सांगत होते, "मी तुमचं पाणी प्यायलोच नव्हतो, ते माझ्या घरचं होतं! ह्यात विष आहे!" आणि लोक हसायला लागले. "साहेब मजाक करे छे!" एकाने तर विचारलं, आज काय खाऊन दाखवणार? मला रडू फुटलं. ह्यांनी रिपोर्ट दाखवला, हात जोडले. त्यावरही हशा.

रेवाबेन म्हणून तिथल्या एक वयस्क बाई. दया येऊन त्यांनी आम्हाला चौकातल्याच आपल्या ओट्यावर बसवलं, माणसं समोर हसत उभीच होती. मागोमाग त्यांची सून ट्रेमध्ये पाण्याचे पेले घेऊन आली. सातवा महिना असेल. ह्या घरांतून पाहुण्याला आधी पाणी, मग गोष्टी. पाणी नको म्हणणं म्हणजे त्या घराचा अपमान. मी सवयीने पेल्याकडे हात नेला.

ह्यांनी माझं मनगट धरलं. घट्ट. पेल्यापासून माझा हात मागे ओढला, ते सगळ्यांनी पाहिलं.

हसू थांबलं. इतका वेळ ओरडून जे पटलं नाही, ते त्या क्षणी सगळ्यांना पटलं. रेवाबेननी सुनेच्या हातातून ट्रे काढून घेतला, एकेक पेला अंगणात ओतला. मग ह्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही.

"साहेब, तुमच्या बायकोचा हात तुम्ही धरलात," त्या गुजरातीत म्हणाल्या. "आमच्या ह्या सुनेचा कोणी धरायचा होता?"