मी लिहून दिलेलं नकारपत्र

२००४ चा जून. आळे गावाजवळच्या आमच्या हायस्कूलची सुट्टी संपली, आणि मुख्याध्यापकांच्या खुर्चीत सुनंदाबाई बसलेल्या दिसल्या... माझ्याहून तीन वर्षांनी ज्युनिअर.

सेवाज्येष्ठतेत नाव माझंच वर होतं. पण एप्रिलमध्ये मीच ‘घरगुती अडचणींमुळे पद नको’ असं लिहून दिलं होतं. मिस्टर म्हणाले होते, "तुला झेपेल का?" सासूबाई म्हणाल्या, "बाईमाणसानं कशाला गड्यांवर हुकूम चालवायचा? आपल्याला न्हाई जमायचं." कुणी हात धरून लिहून घेतलं नाही... सही माझीच.

मला वाटलं, सुनंदाबाईही नकार देतील आणि त्यांच्यानंतरचे जाधवसर होतील. आजवर बायकांचं असंच होत आलेलं. गंमत म्हणजे जाधवसर त्या खुर्चीत बसले असते तर मला काहीच वाटलं नसतं.

मग माझा कोतेपणा सुरू झाला. सूचनावहीवर सगळ्यात शेवटी सही करायची. सुनंदाबाई मीटिंगमध्ये बोलायला लागल्या की मी वह्या तपासायला घ्यायचे. त्यांचा एखादा निर्णय चुकला की घरी जाताना बरं वाटायचं... आता लिहितानाही लाज वाटते.

ऑगस्टमध्ये त्यांनी ऑफिसात बोलावलं. बोलणी बसणार, या तयारीनंच गेले.

त्यांनी दार लोटलं आणि म्हणाल्या, "बाई, एक विचारू? तुम्हाला हे पद खरंच नको होतं का?"

मला काय हवंय, हे इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला नाही. "हवं होतं," मी म्हणाले... आणि रडू आलं.

त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "दिवाळीनंतर पर्यवेक्षकाची जागा रिकामी होतीये. या वेळी नकार लिहू नका. मला एकटीला लई जड जातंय."

त्या संध्याकाळी जेवताना घरी सांगून टाकलं, मी घेणार आहे. विचारलं नाही, सांगितलं. मिस्टर बराच वेळ भात कालवत राहिले, मग म्हणाले, "बघ बाई."

रिटायर होईपर्यंत पर्यवेक्षक होते. ऑफिसातल्या मुख्याध्यापकांच्या फलकावर माझं नाव नाही, सुनंदाबाईंचं आहे. ते बघून अजूनही थोडं जळतं, खोटं कशाला बोलू... पण मला काय हवंय, हे पहिल्यांदा त्यांनी विचारलं. तेव्हा आभार मानायचे राहिले, ते आज मानते.