एकसष्ट दिवस चादरी आत

नगररचना खात्यातल्या त्या निरीक्षकाचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर. बाकी जगाचा तो टेपमामा. खिशात मोजायची टेप नसली तर चालताना म्हणे त्याचा तोल जायचा! वाढीव ओटा असो की चोरून चढवलेला मजला, मामा मोजणार आणि हसत हसत नोटीस हातात ठेवणार. चहाचा एवढा वेडा माणूस, पण कामावर असताना कुणाकडे घोटभर घेईल तर शपथ. "चहा प्यायला की टेप सैल पडते," म्हणायचा.

निवृत्तीला तीन महिने उरले, आणि लाँड्रीवाल्या मावशींची चौथी तक्रार आली. मावशी हॉस्पिटलच्या चादरी धुऊन अंगणात वाळवायच्या. शेजारच्या शेतात मोटारसायकलच्या शर्यतींना वर्षाचे चौदा दिवस परवानगी होती. मालक मात्र मनात येईल तेव्हा फटफट्या पळवायचा. कान किटायचे ते किटायचेच, वर चादरींवर धुळीचा थर. हॉस्पिटलनं बजावलं होतं, आणखी एक मळकी चादर आली तर काम बंद.

आता गंमत बघा. मामा आधी तीनदा जाऊन आला होता आणि तिन्ही वेळा शेतात चिटपाखरू नव्हतं. असेल कसं? खात्याच्या रिवाजाप्रमाणे भेटीच्या आठ दिवस आधी मालकाला पत्र जायचं, आणि ते धाडायचा कोण, तर मामाच! तीन अहवालांत त्यानं लिहून ठेवलं होतं, 'वापर बंद आढळला.'

"या, शांतता मोजायला आलात?" चौथ्या खेपेला मावशी दारातच म्हणाल्या.

मामा वरमला. इकडेतिकडे बघताना भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याची नजर गेली. रोजच्या चौकोनात बारीक अक्षरात 'कपडे बाहेर' नाहीतर 'कपडे आत'.

"हे काय हो, ताई?"

"फटफट्या आल्या की चादरी आत घ्यायच्या. गठ्ठा का उशिरा आला, ते हॉस्पिटलला सांगावं लागतं ना."

"आणि पाऊस?"

"पावसाला छत्री काढलीय. दिसत नाही?"

मामानं छत्र्या वगळून मोजलं. 'आत' एकसष्ट दिवस. आणि त्याच्या तिन्ही भेटींच्या दिवशी कपडे बाहेर! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुनावणीला मालक टेचात उभा. "यांच्याच सहीचे तीन अहवाल आहेत, साहेब."

तीस वर्षांत मामाच्या अहवालावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आता ते त्यालाच ठेवायचं होतं. तो उठला.

"सही माझीच. आणि आम्ही येतोय हे कळवणारं पत्रही माझंच. चूक माझी, साहेब. तिची शिक्षा ताईंना नको." त्यानं कॅलेंडर पुढे ठेवलं.

साहेबांनी पानं उलटली, छत्र्या बघून त्यांनाही हसू आलं. हुकूम झाला: चौदाच दिवस, तेही आधी जाहीर करून, पंधरावा दिसला की परवानगी रद्द. मामाला लेखी समज मिळाली, नोकरीतली पहिली नि शेवटची. ती घडी करून त्यानं टेपेशेजारी खिशात घातली.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच रविवारी तो मावशींच्या दारात हजर. अंगणभर पांढऱ्याशुभ्र चादरी, आणि शेत चिडीचूप.

"अगंबाई, पत्र न पाठवता?"

"आता कामावर नाही, ताई. चहा टाकता का?"

पठ्ठ्या तीन कप प्यायला. तिसरा संपेपर्यंत मावशींनी कॅलेंडरवर त्या दिवसाचा चौकोन भरून टाकला: 'कपडे बाहेर, मामा आत.'