बसून ऐकलेली हलगी

आमच्या नगरपालिकेने कलासमिती नेमली तेव्हा मी तिच्याविरुद्ध पत्रक काढलं. पत्रकं काढणं हेच माझं शिक्षण. बेचाळीसच्या चळवळीत उसाच्या फडात लपून सायक्लोस्टाइलचं यंत्र फिरवलं, त्याची शाई नखांतून वर्षभर निघाली नव्हती. इंग्रज गेले तरी हात गप्प बसेनात. मी लिहिलं की, ज्या गावात गटाराला झाकण नाही तिथे चार माणसं खुर्च्यांवर बसून कलेचा विचार करतात, ही जनतेची थट्टा आहे. समितीचे अध्यक्ष म्हणजे कोर्टातून निवृत्त झालेले वकीलसाहेब. त्यांनी पत्रक शांतपणे वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि मला निरोप धाडला, "पाचवी खुर्ची रिकामी आहे. येऊन बसा."

गेलो. न जाऊन सांगतो कुणाला?

स्वातंत्र्यानंतरचा पहिला हिवाळा होता. मार्गशीर्षात बाजारचौकात तीन दिवसांचा कलोत्सव करायचा, असं ठरलं होतं. आमचं गाव सातारा आणि सांगलीच्या मधलं, त्यामुळे आपलं असं काही करण्यापेक्षा दोन्हीकडून मागवायची सवय. नाटक सांगलीचं, रंगवलेला पडदा साताऱ्याचा, भजनी मंडळ रहिमतपूरचं. शाळेचे चित्रकला मास्तर नगरपालिकेच्या भिंतीवर स्वतंत्र भारताचं मोठं चित्र काढणार होते. मास्तर, पलटणीतून पेन्शनीवर आलेले सुभेदार, गुळाचे एक अडते, वकीलसाहेब आणि मी, अशी आमची पंचायत.

पहिल्याच बैठकीत कार्यक्रमाची यादी हातात आली. नाटक, कीर्तन, लेझीम, पोवाडा. पान उलटलं तर मागे 'किरकोळ व्यवस्था' असं सदर. त्यात सडा मारणे, सतरंज्या अंथरणे, कंदील पुसणे, आणि चौथं, हलगी.

माझं डोकं फिरलं. या गावातलं एकही लग्न हलगीशिवाय लागत नाही, जत्रा हलत नाही, बैलांची मिरवणूक निघत नाही, आणि ती वाजवणारी मांगवाड्यातली माणसं सडा आणि सतरंजीच्या रांगेत? मी उभा राहून बोललो. किती बोललो ते आठवत नाही. अडते मध्येच म्हणाले, "अहो, दवंडीपुरती तर हवी ती. दवंडी काय कला आहे?" त्यावर मी आणखी बोललो. शेवटी वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "तुमचं म्हणणं काय ते एका वाक्यात सांगा."

"हलगी व्यासपीठावर. पहिल्या दिवशी, पहिला कार्यक्रम."

"घ्या," ते म्हणाले. "ठराव लिहा."

इतक्या सहज मिळेल असं वाटलंच नव्हतं. भांडायला आणलेलं निम्मं सामान तसंच शिल्लक राहिलं. ते मी त्याच दिवशी पत्रकात ओतलं: पिढ्यान्‌पिढ्या खाली उभ्या राहिलेल्या हलगीला स्वतंत्र गावाने वर बसवलं आहे. पत्रक गावभर वाटलं, आणि मग हलगीवाल्याला सांगायला गेलो. क्रम बघा. आधी गावाला सांगितलं, मग त्याला.

हलगीवाला साठीचा. गाव त्याला अरे-तुरे करी. मी हट्टाने आबा म्हणायचो. तो दारात बसून नव्या कड्यावर बकऱ्याचं कातडं ताणत होता. मी बातमी दिली. त्याचे हात थांबले.

"वर? फळ्यांवर?"

"फळ्यांवर, आबा. पडद्यापुढे. खुर्च्यांवरची माणसं मान वर करून बघतील."

"पर दादा, त्ये..."

"पर नाही आणि बिर नाही. आता भ्यायचं नाही कुणाला."

त्याने पुन्हा तोंड उघडलं, मी पुन्हा बोललो. मानवतेवर, हक्कांवर, येणाऱ्या काळावर. पत्रकाची हीच तर सोय असते, त्याला कुणी उलट बोलत नाही. अखेर तो म्हणाला, "बरं. लेक मेढ्याला दिलीया. तिला बलावतो," आणि कातडं ताणायला लागला. मी खुशीत परत आलो.

उत्सवाच्या आदल्या दिवशी सकाळी तालीम ठेवली. नदीकाठचं गाव, धुकं असं की चौकातला पार दिसत नव्हता. आबा आणि त्याचे तिघे जोडीदार हलग्या घेऊन आले. व्यासपीठाच्या बाजूला त्यांनी उसाच्या पाचटीचा जाळ केला आणि हलग्या त्याच्यावर फिरवून तापवल्या. मग वर चढले. एका हातात जाड टिपरी, दुसऱ्यात बारीक काडी. पहिला ठोका पडला आणि पाराखालची कुत्री उठून पळाली. मी वकीलसाहेबांकडे बघितलं. बघा म्हटलं आता.

दहा मिनिटं झाली नसतील. आवाज बसायला लागला. आधी कडक होता तो मऊ झाला, मग भद्द, भद्द. धुक्याने कातडी सैल पडली होती. आबा वाजवायचा थांबला आणि म्हणाला, "शेकाया लागंल."

"इथेच शेका की," मी म्हणालो.

साताऱ्याहून पडद्याबरोबर आलेला माणूस धावत आला. तेलाच्या रंगांनी रंगवलेला पडदा, त्यापुढे कापडाची झालर, खाली वाळलेल्या फळ्या, आणि यांना तिथे जाळ करायचाय. तो म्हणाला, "काडी ओढलेली दिसली, की मी पडदा गुंडाळून गाडीला बसलो समजा."

खाली उतरून शेकायचं आणि परत चढायचं, असं दोनदा करून बघितलं. व्यासपीठाला शिडी लावलेली. चार माणसं शिडीवरून उतरतात, शेकतात, चढतात, तेवढ्यात वाजवण्याचा रंग उडून गेलेला. सुभेदार म्हणाले, "खोक्यावर मारल्यागत वाजतंय, गड्या." अडते हसले. वकीलसाहेब हसले नाहीत. ते नुसते म्हणाले, "मैदानातलं वाद्य आहे ते. उद्या प्रवेशद्वारापाशी वाजू द्या, लोक आत येईपर्यंत. कुणाचा अपमान नको."

कुणाचा अपमान नको म्हणे. झाला होता तो. केला होता कुणी? हा प्रश्न मी सगळ्यांना लावून बघितला आणि तो फिरून माझ्याकडे यायला लागला, तसा मी आणखीच चिडलो. आबाच्या मागे मागे जाळापाशी गेलो आणि म्हणालो, "आबा, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"सांगतच हुतो की," तो म्हणाला. "तुमी कुटं थांबला?"

मी थांबलो. त्या दिवशी पहिल्यांदा.

तो हलगी जाळावर फिरवत, बोटाने टिचक्या मारून ऐकत राहिला. मग सावकाश बोलला. "दादा, मला वर बसून काय करायचं हाय? झाडावर माकडं बी वर बसत्यात. म्या सा वर्साचा असल्यापासनं वाजवतुया. लग्नात वाजवली, जत्रंत वाजवली. पर आमच्याम्होरं कवा कुणी बसून ऐकलं न्हाई. समदी चालत असत्यात. हलगी म्हंजी चाला, व्हा पुढं. म्हागं वळून बघायचं तर आमच्या पायावर बैल पाय द्यायचा." जोडीदार हसले. "तुमी बातमी आणली तवा मला वाटलं, लोक बसत्याल. लेकीला त्येच सांगितलंय, ये बाई, यंदा लोक बसणार हायती."

"म्हणजे व्यासपीठ नको?"

"जाळ पायजे. आन् भवतीनं बसाया पायजेत. आवं, एवडंच."

एवढंच. मी पानभर लिहिलं होतं आणि त्यात हे नव्हतं.

दुपारी मी समितीची तातडीची बैठक मागितली आणि या वेळी आबालाच घेऊन गेलो. तो दारात उभा राहिला. सुभेदारांनी बाक पुढे सरकवला, तेव्हा टेकला. मी मांडलं: व्यासपीठापुढे मोकळ्या जमिनीवर मधोमध जाळ, भोवती हलगीवाले, त्यांच्या भोवती गोल करून लोक. खुर्च्या मागे.

वकीलसाहेबांना सगळं एका क्षणात कळलं. त्यांची बुद्धी मी कधी कमी लेखली नाही. ते म्हणाले, "गोल केला तर पुढची रांग कुणाची?"

ठरलेली आखणी अशी होती: समोर खुर्च्या, मागे सतरंज्या, उजवीकडे बायका, आणि मांगवाडा, महारवाडा शेवटी, गटाराच्या अंगाला. यादीत तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहावं लागतच नाही. पण गोलाला शेवट कुठून आणणार?

"पुढची रांग येईल त्याची," मी म्हणालो.

"लोक उठून जातील," अडते म्हणाले. "माझ्याच घरचे येणार नाहीत."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुभेदार खाकरले. ते बैठकीत फारसं बोलत नसत. "पलटणीत थंडीत एकच जाळ असायचा," ते म्हणाले. "कोण कुणाचा, ते इचारत बसला तर गारठून मरायचा. म्या तर जाळापाशी बसणार. हात वर करा, कोण कोण हाय."

त्यांचा हात, माझा हात. मास्तर इतका वेळ कागदावर काहीतरी काढत होते. त्यांनी पेन्सिल असलेलाच हात वर केला. तीनास दोन. वकीलसाहेबांनी ठराव स्वतःच्या अक्षरात उतरवला आणि खाली एक ओळ घातली, पाण्याच्या चार बादल्या जवळ ठेवणे.

मास्तरांनी कागदावर काढलं होतं ते संध्याकाळपर्यंत जमिनीवर उतरलं. नदीतले गोटे आणून त्यांनी शाळेतल्या पोरींकडून जाळासाठी गोल आळं रचून घेतलं आणि त्याभोवती चुन्याची आणि गेरूची नक्षी काढली, दोन्ही हात पसरावेत एवढी, वावभर रुंद. भिंतीवरचं चित्र अर्धंच राहिलं. मी विचारलं तर म्हणाले, "भिंतीपुढेही लोक चालतच असतात हो."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. ऊन कललं, दिवेलागणीला थोडा अवकाश होता. जाळ पेटला. पाचटीला तोटा नव्हता, सगळीकडे गुऱ्हाळं सुरू होती. आबाने हलगी तापवली, टिचकी मारली, आणि हलगी हातात धरून उभा राहिला. लोक भरपूर जमले होते. सगळे उभे. कुणी बसेना. हलगी निघाली की आता मिरवणूक निघेल, म्हणून प्रत्येकाचा एक पाय पुढे. त्यात जमीन सगळ्यांची, मग आधी बसून शेजारी कोण येईल त्याचा धोका कुणी घ्यायचा? अडते खुर्चीवर बसून माझ्याकडे बघत होते.

आबा वाजवीना. जोडीदार कुजबुजला, "सुरू कर की, आबा."

"बसल्याबिगर न्हाई," तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता, पण जवळच्यांना ऐकू गेलं.

सुभेदार पुढे आले, गुडघ्यावर हात ठेवून कण्हत खाली बसले. एकटेच. गोल एवढा मोठा, त्यात पागोट्याचा एक ठिपका. मी दोन पावलं पुढे गेलो आणि घसा साफ केला. मास्तरांनी माझी बाही धरली. "नको," ते म्हणाले.

तेवढ्यात बाजारात माळवं, भाजीपाला विकणाऱ्या बायका आल्या. रिकाम्या पाट्या डोक्यावर, सकाळपासून उभ्या. त्यातली एक म्हणाली, "आगं बया, जाळ केलाय," आणि पाटी पालथी घालून तिच्यावर बसली. दुसरी तिला टेकून बसली. "आवं बसा की समदी," ती मागच्यांना म्हणाली, "पाय काय मोडून देणार हाय का कुणी?" तिच्या मागे दहा-बारा जणी आल्या. मांगवाड्यातल्या बायका त्यांच्या शेजारी बसल्या, आणि आबाची लेक कडेवर पोर घेऊन अगदी जाळासमोर. मग माणसं बसायला लागली, धान्य ओतल्यासारखी. वकीलसाहेबांच्या पत्नी खुर्चीवरून उठल्या, पदर सावरला आणि माळव्यावालीच्या पलीकडे सतरंजीचं टोक ओढून बसल्या. वकीलसाहेब त्यांच्या मागे, गोलाच्या बाहेर जाऊन उभे राहिले. बसले नाहीत. शेवटपर्यंत बसले नाहीत. पण निघूनही गेले नाहीत.

सगळेच बसले असं मी म्हणणार नाही. पंचवीस-तीस माणसं तोंड फिरवून घरी गेली, त्यांत अडत्यांचं घर होतं. ते मी नंतर पत्रकात लिहिलं. तेव्हा मात्र मला ते दिसलंही नाही.

आबाने सगळीकडे एकदा बघितलं. घाई केली नाही. हलगी पुन्हा जाळावर धरली, कानाशी नेली, आणि बारीक काडीने कडेला नुसती थरथर सुरू केली, इतकी हळू की चालत्या मिरवणुकीत ती कधी कुणाला ऐकूच आली नसती. मी जन्मभर याच गावात राहिलो आणि हलगीत हा आवाज असतो हे मला माहीत नव्हतं. जोडीदार एकेक करून मिसळत गेले.

"ओ पत्रकवाले," आबाची लेक मागून म्हणाली, "बसा की खाली. बा दिसंना झालाय मला."

मी बघितलं तर हलगीवाले सोडून गोलाच्या आत मी एकटाच उभा होतो. बसलो.