कर्जतचं कापड चालणार नाय

आमच्या शिवणवर्गाच्या बाई ‘कळलं का?’ असं कधी विचारत नसत. ‘काय कळलं?’ असं विचारत. विचारताना हातातला खडू आपल्या नाकावर रोखलेला. उत्तर बरोबर आलं की त्याच खडूने हवेत बरोबरची खूण करायच्या. चुकलं की खडू तसाच रोखलेला.

तुम्ही शाळेत गेला असाल तर आठवून बघा. मास्तर ‘कळलं का?’ म्हणतात आणि अख्खा वर्ग ‘होऽऽ’ म्हणतो. त्या ‘हो’चा अर्थ एकच, आता सोडा. मी चौथीपर्यंत शिकले ती चारही वर्षं असंच ‘हो’ म्हणत पुढे सरकले.

बाई रोह्याच्या. सकाळच्या एसटीने पेणला यायच्या. रामवाडीत एका चाळीच्या दोन खोल्यांत वर्ग भरायचा, सरकारी परीक्षेचा. नव्वद सालानंतरची गोष्ट. मी पंचेचाळिशीची, मिठागरावर पाट्या वाहायचे. खाऱ्या पाण्याने पायांच्या भेगा इतक्या वाढल्या होत्या की त्यांत चार आण्याचं नाणं उभं राहिलं असतं. मला खुर्चीवर बसून करायचं काम पाहिजे होतं, दुसरं काही नाही. तोवर मी खुर्चीवर एकदाच बसले होते, डोळे तपासायला. परीक्षा पास झालं की शाळांचे गणवेश शिवायचं काम मिळत होतं. सर्टिफिकेट नसेल तर तिथे मशीनला हात लावू देत नसत.

वर्गाच्या दारावर वरून आलेला छापील कागद चिकटवला होता. ‘प्रशिक्षणार्थींनी येताना स्वतःचे माप आणावे.’ आमच्या गावच्या आम्ही सहाजणी होतो. मीच तो वाचून सगळ्यांना सांगितला. दुसऱ्या दिवशी सहाजणी घरातलं धान्याचं माप घेऊन हजर. कुणाचं शेराचं, माझी अधोली, शेजारीण तर डोक्यावर पायली घेऊन आली. वाटेत एका म्हातारीने विचारलं, “कुनाची सून येते गो? उंबऱ्यावर माप ठेवायला चाललाव?”

बाई आल्या. कापड कापायच्या टेबलावर सहा मापं ओळीने मांडलेली.

“हे काय?”

“माप, बाई. तुमीच लिवलंय.”

“आणि मोजायचं काय?”

“तांदूळ. सरकार वाटतंय ना?” शेजारीण म्हणाली, “म्हून तर मी पायली आणली. ही येडी अधोलीच घेऊन आली.”

बाईंनी गळ्यातली टेप काढून समोर धरली. “अगं, हे! हे माप!” आणि त्या जे हसायला लागल्या ते भिंतीला टेकून खाली जमिनीवरच बसल्या. शेजारी खुर्ची होती. पण बाई त्या खुर्चीत कधी बसत नसत, दिवसभर उभ्या. आम्ही पण हसलो. शेजारीण तेवढी हसली नाही. तिला पायली परत न्यायची होती.

हसून झाल्यावर बाई उठल्या आणि दारावरचा कागद फाडून टाकला. माझी अधोली मात्र ठेवून घेतली. तीत खडू ठेवायला लागल्या. म्हणाल्या, “ही मला रोज दिसली पाहिजे.”

त्या दिवसापासून बाई कुठलाही नियम सांगितला की सगळ्यात जोरात मान हलवणारीला उभं करायच्या. “तू सांग. काय कळलं?” ती आपल्या भाषेत सांगायची. चुकलं की बाई परत सांगायच्या, ती परत बोलायची. बरोबर आलं की तिचेच शब्द मोठ्या पांढऱ्या कागदावर लिहून भिंतीला लावायच्या. पहिली ओळ माझी होती. ‘टेप आणा. भात मोजायचं माप नाय.’ हजेरीची ओळ शेजारणीची. ‘चार दिवसांतले तीन दिवस यायचंच. लावणी असली तरी.’

एकदा बाईंनी सांगितलं, शिवलेला नमुना सोमवारी दाखवायला आणा. जोहे गावच्या एका पोरीने झबलं शिवलं होतं. सोमवारी आली ती नणंदेचं बाळ काखेत मारून.

“नमुना कुठाय?”

“हा काय.” तिने बाळ वर धरलं.

बाळाने तेवढ्यात बाईंच्या अंगावर धार सोडली. बाईंनी झबल्याची शिवण बोटाने तपासली, खांदा उसवून बघितला, दहापैकी सात गुण दिले, मग पदर पिळला. आणि भिंतीवर ओळ चढली. ‘नमुना वहीत टाचायचा. बाळाला घालायचा नाय.’

मी एकदा सरळ विचारलं, “बाई, तुम्ही एवढा जीव का काढता? ऐकेल ती शिकेल, नाय ती घरी बसेल.”

बाई कात्रीला तेल देत होत्या. म्हणाल्या, “आधीच्या वर्गात एक मुलगी होती. तुमच्यासारखीच, हात चांगला. परीक्षेला ब्लाउज घरून कापून घेऊन गेली. म्हणे तेवढा वेळ वाचेल. दारातून परत पाठवली. मी नियम सांगितला होता. कळलं का विचारलं होतं. ती हो म्हणाली होती.”

“मग चूक तिची.”

“नाही गं मीठवाले. ती परत आलीच नाही कधी.” एवढंच बोलल्या आणि कात्री चालवून बघितली.

परीक्षेच्या आधी वर्ग तपासायला साहेब आले. त्यांची सही झाली तर आम्हांला परीक्षेला बसता येणार होतं. साहेबांनी भिंतीवरचा कागद वाचला. बाळाच्या ओळीपर्यंत आले आणि चष्मा काढला.

“बाई, हे काय आहे? सरकारी नियम असे लिहितात? आधी हे काढा. छापील नियम लावल्याशिवाय मी सही करणार नाही.”

मला डोळ्यांसमोर मिठागर दिसायला लागलं. बाई जागच्या हलल्या नाहीत.

“काढते साहेब. त्याआधी तुमच्या कागदावरचा एक नियम यांना वाचून दाखवा. कुठलाही.”

साहेबांनी बॅगेतून छापील कागद काढला आणि घसा साफ केला. “परीक्षार्थीने आणलेले कापड पूर्वकर्तित नसावे. कळलं का?”

“होऽऽ!” वीसजणी एका सुरात.

“बघा,” साहेब म्हणाले.

“आता काय कळलं ते विचारा.”

साहेबांनी पुढच्या बाकावरच्या शेजारणीकडे बोट केलं. ती उठली, पदर सारखा केला. “कर्जतचं कापड चालणार नाय. पेणचंच आणायचं.”

“पूर्व म्हणाले ना गो ते,” मागून जोह्याची पोरगी बोलली. “कर्जत पूर्वेचं नाय चालत. पश्चिमेचं चालल.”

“माजी बहीण दिलीय कर्जतला,” तिसरी म्हणाली. “तिथं कापड चांगलं मिळतं, साहेब. ह्यो नियम बरोबर नाय.”

साहेब माझ्याकडे वळले. “तुम्ही?”

“मला काय बी कळलं नाय,” मी म्हणाले. “हो म्हणायची सवय हाय, म्हणून हो म्हटलं.”

बाईंनी खडू भिंतीकडे केला. “आता आपल्या कागदातली शेवटची ओळ.”

आम्ही वीसजणींनी ओरडून म्हटलं, “कापड घरून कापून आणायचं नाय! अख्खं आणायचं!”

साहेबांना हसू आवरेना. रुमालात तोंड घातलं, मग खोकल्याचं सोंग केलं. सही केली. जाताना म्हणाले, “छापील वर लावा. हा खाली राहू द्या.” मग दारातून परत वळून, “वाचता येईल एवढा खाली.”

परीक्षेला आम्ही वीसजणी गेलो, दारातून एकही परत आली नाही. मी पास झाले. गणवेश शिवायच्या कामावर मशीनपुढे स्टूल होतं, खुर्ची नव्हती. पण मिठागर सुटलं. सुट्टीच्या दिवशी मी बाईंच्या मदतीला वर्गात जायचे.

मग बाईंनी वर्ग सोडला आणि खाली रत्नागिरीकडे भावाकडे राहायला निघाल्या. कोकणात गाडी सुरू झाली होती. मी रोह्याच्या स्टेशनावर पोचवायला गेले. जाताना पेरू घेतले. बाई खिडकीशी बसून पेरू खात मला सांगत होत्या. सोमवारपासून नवी तुकडी. वर्ग तू बघायचा. पहिल्या दिवशी नियम तूच सांगायचे. अधोली टेबलावरच राहू दे. आणि माझी खुर्ची आता तुझी.

“हो हो,” मी म्हणाले.

गाडी हलली. बाईंनी खिडकीतून मान बाहेर काढली. “काय कळलं?”

मी धावले. भेगांच्या पायांनी, लुगड्याचा ओचा हातात धरून, अख्ख्या फलाटावर ओरडत धावले. “टेप आणायची! भात मोजायचं माप नाय! बाळाला घालायचा नाय! कापड कापून आणायचं नाय!” एका हमालाने वाट सोडली. माणसं बघत राहिली.

बाईंचा हात बाहेर आला. हातात खडू नव्हता, अर्धा खाल्लेला पेरू होता. त्या पेरूने त्यांनी हवेत भलीमोठी बरोबरची खूण केली.

पुन्हा भेट झाली नाही. दोन पत्रं आली, मग आली नाहीत.

सोमवारी नवी तुकडी समोर बसली होती. मी खडू घेतला, आणि आयुष्यात दुसऱ्यांदा खुर्चीवर बसले. तिचा मागचा एक पाय आखूड होता. मी सगळ्या पोरींच्या देखत उताणी पडले. सगळं नीट सांगणाऱ्या बाईंनी हे तेवढं सांगितलं नव्हतं. त्या कधी बसल्याच नव्हत्या, त्यांना तरी कुठून ठाऊक असणार.