रोमेलचा कोंबडा झुंजला नाही

रोमेल माणसाच्या रक्ताला घाबरत नाही. आमचा हा शेजारी आयर्लंडमधल्या लेटरकेनीच्या हॉस्पिटलात नर्स आहे, आणि ऑपरेशन संपून टाके घालायला घेतले की आज डब्यात काय आहे याची चौकशी तो पद्मिनीकडे निवांतपणे करू शकतो. पद्मिनी म्हणजे माझी बायको, हाडांची डॉक्टर. रोमेल घाबरतो तो कोंबड्याच्या रक्ताला. एखाद्या पुणेकराच्या बाबतीत हे खपून गेलं असतं. पण रोमेल फिलिपिन्समधल्या नेग्रोस बेटावरचा, आणि त्याचे वडील म्हणजे झुंजीआधी कोंबड्याच्या पायाला पातं बांधण्यात नाव कमावलेला माणूस. त्यांच्या गावात रविवारी सकाळी लोक चर्चला जातात आणि दुपारी कोंबड्यांच्या आखाड्यात. गर्दी दोन्हीकडे सारखीच, पण मनापासून प्रार्थना दुसरीकडे होते, असं रोमेल सांगतो.

लहानपणी वडिलांनी त्याला मोठ्या हौसेने आखाड्यात नेलं, पहिल्या रांगेत मांडीवर बसवलं. झुंज लागली आणि रोमेल आडवा झाला. शुद्धीवर आला तेव्हा अख्खा आखाडा कोंबड्यांना सोडून त्याच्याकडे बघून हसत होता. त्यानंतर तातायनी, म्हणजे वडिलांनी, पोराच्या हातात कधी कोंबडा दिला नाही आणि त्याच्याशी कोंबड्यांबद्दल एक अक्षर काढलं नाही. त्या घरात कोंबड्यांबद्दल न बोलणं म्हणजे जवळजवळ न बोलणंच. पोरगा परदेशी गेला, घरावर मजला चढला, तातायच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यांना लख्ख दिसायला लागलं, पण फोनवर बोलणं हवापाण्याच्या पुढे गेलं नाही. आयर्लंडच्या हवेबद्दल बोलायला पुष्कळ असतं म्हणून बरं.

गेल्या उन्हाळ्यात रोमेल एक कोंबडा घेऊन आला. गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याचा हा कोंबडा पोस्टमनच्या अंगावर जायचा, म्हणून त्याची रवानगी पातेल्यात व्हायची होती. मान तांबूस सोनेरी, शेपूट हिरवट काळी, आणि चाल अशी की आपण त्याच्या परसात भाड्याने राहतोय असं वाटावं. रोमेलने नाव ठेवलं पोगी. म्हणजे देखणा.

आयर्लंडमध्ये कोंबडे झुंजवायला कायद्याने बंदी आहे, आणि नसती तरी पहिल्या थेंबाला मालकच पडला असता. पण ऑगस्टमध्ये इथे गावोगावी जत्रेसारखे शो भरतात. त्यात गाई, मेंढ्या, मुरंबे, केक आणि कोंबडे यांना नुसतं बघून बक्षिसं देतात. रोमेलने कुंपणावरून मला गुपित सांगितलं. "सर रणजित, मला पहिला नंबर पाहिजे. मग मी तातायना फोन करणार, आणि हवेबद्दल बोलणार नाही." तो सगळ्यांनाच सर म्हणतो, पण नावाच्या आधी. ही इंग्लंडच्या राजाने द्यायची पदवी, आणि इंग्रजांशी जुनं वैर असलेल्या आमच्या या डॉनेगल जिल्ह्यात ती मोठ्याने हाक मारून मिळणं जरा जोखमीचंच आहे.

मग तालीम सुरू झाली. रक्त सोडून बाकी सगळं त्याने लहानपणी खिडकीतून बघून ठेवलं होतं. उन्हं आली की कोमट पाण्याची अंघोळ. मग टॉवेलात गुंडाळून मांडीवर मालिश, मान आणि मांड्यांना वेगळी. उकडलेल्या अंड्यातला पांढरा भाग पोगीला, पिवळा रोमेलला. एका पायाला मऊ दोरी बांधून हिरवळीवर फेऱ्या. घरून काम करणाऱ्या माझ्यासारख्याच्या मीटिंगमध्ये पोगी बरोबर तेव्हाच आरवायचा जेव्हा मी प्रोजेक्ट का लांबला ते सांगत असे. डब्लिनच्या साहेबांना वाटलं मी शेती घेतली.

शोच्या आठवड्यात रोमेल गंभीर चेहरा करून आमच्याकडे आला. आखाड्याच्या दिवसाआधी घरात कोंबडी शिजत नाही आणि जे सोबत येणार तेही खात नाहीत, तशी पद्धतच आहे, पण तुम्हाला कसं सांगू, असं म्हणत चाचरत राहिला. पद्मिनीने सांगितलं की आम्ही तर गेले कित्येक दिवस कोंबडीला हात लावलेला नाही. रोमेलचे डोळे भरून आले. श्रावण चालू आहे एवढंच सांगायला मी तोंड उघडलं, तर पद्मिनीने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला.

शोच्या मांडवात आम्ही तिघं पोचलो तेव्हा जाळीच्या पिंजऱ्यांची रांग लागली होती. पोगीच्या शेजारी ब्रीज मॅकगिनली या सत्तरीच्या बाईंचा पांढराशुभ्र कोंबडा, दरवर्षीचा विजेता, अंगाने उशीएवढा. ब्रीजबाईंनी पोगीकडे वाकून पाहिलं. "तुमचा हा गडी ग्रँड आहे. पण माझ्याशेजारी ठेवायला नको होता, बिचाऱ्याचं मन मोडेल."

परीक्षक आले. एकेका कोंबड्याला बाहेर काढून छाती चाचपायची, पंख उघडून बघायचे असं चाललं होतं. कोंबडे फडफडत होते, पिसं उडत होती. पोगीच्या पिंजऱ्यात परीक्षकांचा हात गेला आणि मला पोस्टमन आठवला. रोमेलने डोळे मिटले. पोगी मात्र सलूनच्या खुर्चीत बसल्यासारखा त्या हातात रेलला. एक पंख उघडून झाला तेव्हा दुसरा त्याने आपण होऊनच सैल सोडला. परीक्षकांनी हात काढून घेतला तेव्हा रोजची मालिश मधेच का थांबवली, असा त्याचा चेहरा होता.

थोड्या वेळाने पोगीच्या पिंजऱ्यावर लाल कार्ड लागलं. रोमेल पांढराफटक पडला. फुटबॉल बघणारा माणूस, लाल कार्ड म्हणजे मैदानाबाहेर हे त्याला पक्कं ठाऊक. मीही लगेच त्याचं सांत्वन सुरू केलं, पुढच्या वर्षी बघू वगैरे. तो मुकाट्याने दार उघडून पोगीला काढायला लागला तेव्हा ब्रीजबाईंनी त्याचा दंड धरला. "कुठे निघालास? लाल म्हणजे पहिला." त्यांच्या कोंबड्यावर निळं, म्हणजे दुसऱ्या नंबरचं कार्ड होतं. मग रोमेलने जी आरोळी ठोकली तिने पलीकडच्या मांडवातल्या मेंढ्या उठून उभ्या राहिल्या.

व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रविवारची संध्याकाळ, ताताय आखाड्यातच. फोन मी धरला होता, रोमेलच्या हातात पोगी. बापलेकांचं त्यांच्या भाषेत काहीतरी झालं आणि रोमेलचा चेहरा उतरला. काय झालं म्हणून ब्रीजबाईंनी विचारलं, तेव्हा त्याने ओशाळून सांगितलं की ताताय विचारतायत, हरलेला कोंबडा कुठाय. त्यांच्या गावात हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याचा असतो, तो घरी नेऊन शिजवतात. हरलेला हातात नाही म्हणजे जिंकलेलं खरं नाही.

ब्रीजबाईंनी थोडा विचार केला. मग आपला पिंजरा उघडून ती पांढरी उशी उचलली आणि रोमेलच्या दुसऱ्या काखेत कोंबली. "घेऊन जा. पहाटे चारला उठवतो मेला. पण शिजवलास तर माझ्याशी गाठ आहे."

एकमेकांना अनोळखी दोन कोंबडे एकाच माणसाच्या अंगावर म्हणजे दंगलच व्हायची. रोमेलने नुसते तळवे त्यांच्या छातीखाली सरकवले, बोटं पायांमध्ये घातली, आणि दोघेही गप्प. ताताय फोनमध्ये डोळे घालून बघत होते, ऑपरेशन झालेल्या त्या लख्ख डोळ्यांनी. दोन्ही जिवंत आहेत का, असं त्यांनी दोनदा विचारलं. मग फोन फिरवून त्यांनी मागच्या गर्दीला काहीतरी ओरडून सांगितलं आणि अख्खा आखाडा असा गरजला की माझ्या हातात फोन थरथरला. टोप्या उडत होत्या. कुणीतरी पुढे येऊन स्क्रीनवरच्या पोगीचा मुकाही घेतला.

परतताना गाडी मी चालवत होतो. मागे रोमेल, दोन मांड्यांवर दोन कोंबडे, आणि पद्मिनीने त्याच्यासमोर धरलेला फोन. लेटरकेनी येईपर्यंत बापलेक भांडत होते. मला फक्त पोगी एवढा शब्द कळत होता. घरापाशी मी विचारलं, एवढं काय चाललंय.

"ताताय विचारतायत, शेपूट एवढी कशाने चमकली," रोमेल म्हणाला. "मी सांगितलं, इथे या, मग दाखवतो."