मामांचा कान

माझ्या बायकोच्या मामांइतका दमवणारा माणूस अख्ख्या हैदराबादेत सापडणार नाही, आणि हे मी बावीस वर्षं त्यांच्याबरोबर दमून सांगतो आहे. मामा मलकपेठेत राहतात. एका सरकारी कचेरीतून निवृत्त झाले, पण नोकरीबद्दल त्यांना विचाराल तर काही आठवत नाही. त्यांना आठवते ती फक्त हवाइयन गिटार. ही गिटार छातीशी धरायची नसते. मांडीवर आडवी ठेवायची आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची, म्हणजे एक सूर दुसऱ्यात ओघळत जातो. मामा स्वतः बेताचंच वाजवतात. त्यांचं खरं काम ओळखण्याचं. कुठेही अशी गिटार कानावर आली की धून कोणती आणि तारा कोणत्या सुरांना लावल्या आहेत, म्हणजे ट्यूनिंग सी सिक्स्थ की ओपन ए, हे सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

याला रेडिओ जबाबदार. मामांच्या तरुणपणी दोन कार्यक्रमांच्या मधे थोडा वेळ उरला की गिटार लावून द्यायचे आणि नाव कुणीच सांगायचं नाही. बाकीचं जग तेवढ्यात चहा टाकून यायचं. मामा वही घेऊन बसायचे. त्या वह्यांनी आता मामींच्या लोणच्याच्या बरण्या माळ्यावर हाकलल्या आहेत. माझे सासरे गेले तेव्हा समाचाराला आलेल्या एका गृहस्थाचा फोन वाजला. त्यात नेमकी गिटार. सगळे माना खाली घालून बसलेले. मामांनी रुमालानं डोळे पुसले आणि भरल्या आवाजात म्हणाले, "सी सिक्स्थ." त्या गृहस्थानं ओशाळून फोन बंद केला, तर मामा म्हणाले, "राहू द्या हो, मुखडा तरी पुरा होऊ द्या." गाणं ओळखणारं ॲप माझ्या फोनमध्ये आहे, हे मी एकदा चुकून बोलून गेलो. "ट्यूनिंग सांगतं का ते?" मामांनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जसं काही ते ॲप मीच काढलं होतं.

माझे रविवार असे गेले. मामांना स्कूटरवर मागे बसवायचं, सुलतान बाजारात तारांच्या दुकानाशी न्यायचं आणि ते दुकानदाराशी भांडेपर्यंत उन्हात उभं राहायचं. त्याच दुकानात कुणाकडून तरी मामांचं नाव ऐकून, एक दिवस गौलीगुड्याच्या एक तेलुगू बाई आल्या. निवृत्त नर्स, सत्तरीच्या पुढच्या. हातात पिशवी आणि पिशवीत एक कॅसेट.

"साब, हमारे उनो बजाते थे," त्या म्हणाल्या. "रोज शाम को एकच धुन. नाम पूछी तो हँसते थे, बोलतेच नहीं थे. अब तो उनो नहीं रहे."

"आठ दिन में बताता हूँ," मामा म्हणाले.

आठ दिवसांचे तीन महिने झाले. मामा ती कॅसेट ऐकत राहिले आणि दर रविवारी मलाही ऐकवत राहिले. धून संथ होती. मधेच अडखळायची, मधेच एखादी पायरी चुकल्यासारखी खाली उतरायची. मामांनी सगळ्या वह्या धुंडाळल्या, गिटार दहा तऱ्हांनी लावून पाहिली, तारा तोडल्या. जेवण कमी झालं. शेवटी मामी वैतागल्या. "अहो, त्या बाईंना सरळ सांगून टाका, ओळखू येत नाही म्हणून. परेशान करून घेतलंत जिवाला."

मामांनी कॅसेट पुन्हा मागे फिरवली. मला तेव्हा पहिल्यांदा ते म्हातारे दिसले.

पुढच्या रविवारी मी गेलो तर दारातच उभे. "जावईबापू, या माणसाच्या गिटारला मधली एक तारच नव्हती!" मला आत ओढून त्यांनी कॅसेट लावली. "ऐका. सगळ्या तारा एकदम छेडल्या की मधला एक सूर गायब. जिथे जिथे तो सूर हवा, तिथे हा कधी खालच्या सप्तकात घेतो, कधी सोडूनच देतो. आपण इतके दिवस भोकं पडलेली धून ओळखत बसलो." मग त्यांनी स्वतःची सहा तारांची गिटार मांडीवर घेतली आणि ती भोकं बुजवत वाजवून दाखवली. धून तरीही त्यांना ओळखू आली नाही. पण त्यांनी गिटार खोळीत घातली आणि म्हणाले, "चला गौलीगुड्याला."

त्या बाईंना त्यांनी आधी तारेचं विचारलं. "हौ, एक टूटी थी," त्या म्हणाल्या. "फिर लगायेच नहीं. बोलते थे, पाँच काफी है."

मामांनी वाजवायला सुरुवात केली. कांडी तारांवर खरखरत होती. दुसऱ्या ओळीला बाईंचे ओठ हलायला लागले. तिसऱ्या ओळीला त्या तेलुगूत गुणगुणू लागल्या, अगदी खालच्या आवाजात, आणि एकदम थांबल्या.

"ये तो लाली है," त्या म्हणाल्या. "बच्ची को सुलाने मैं गाती थी. ये मेरा गाना है, साब."

मग त्यांनीच सांगितलं, की संध्याकाळी ड्यूटीवरून थकून आल्यावर ती गिटार ऐकली की त्यांचं डोकं दुखायचं. "मैं बोलती थी, कैकू रोते बैठते जी, बंद करो." त्यांनी पदर तोंडाला लावला. मामांनी पुन्हा पहिल्यापासून वाजवली. मग पुन्हा एकदा. मी घड्याळाकडे पाहिलं नाही.

त्याला आता दोन वर्षं झाली. मामांचा उजवा कान गेलाय, डावा जायच्या बेतात आहे. कानात यंत्र घातलं तर सगळंच पत्र्यावर वाजल्यासारखं येतं म्हणतात, म्हणून ते डबीतच असतं. सुलतान बाजारला जायचं का विचारलं तर "पुढच्या रविवारी" म्हणतात. मला आराम मिळालाय, आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

परवा गेलो तेव्हा फोनवर एक जुनी धून लावून त्यांच्या डाव्या कानाशी धरली. डोळे मिटून त्यांनी बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले, "तुम्हीच सांगा."

धून सी सिक्स्थमधली होती. इतक्या वर्षांत एवढं मलाही समजू लागलंय. मी मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, "ओपन ए."

मामांनी मान हलवली. "असेल," ते म्हणाले, आणि चहाचा कप उचलला.

ते चिडतील याची वाट पाहत मी कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो.