सही नसलेली खाडाखोड

आमच्या क्वालिटीवाल्या भाईंनी तपासली नाही अशी वस्तू शिरूर तालुक्यात एक तर अजून बनायची आहे, नाहीतर ती भाईंना लांबून बघून कुठंतरी दडून बसली आहे. रांजणगावच्या एका कारखान्यात आम्ही दोघं एकाच छपराखाली काम करतो. गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनतात तिथं. भाई ते तपासणार, हिरवा टॅग लावणार आणि मी तो माल गाडीत भरून गेटाबाहेर काढणार. त्यामुळे आईबापांनी हौसेनं ठेवलेलं माझं नाव भाईंनी केव्हाच बाद करून मला ‘डिस्पॅच’ करून टाकलं आहे. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, मोबाइल ठेवतात. भाईंच्या खिशात व्हर्नियर असतो, म्हणजे जाडी मोजायचं ते दोन जबड्यांचं पोलादी हत्यार. दुसऱ्या खिशात तीन रंगांचे टॅग. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे रिजेक्ट आणि पिवळा म्हणजे होल्ड, निकाल लागेपर्यंत हलवायचं नाही. कारखान्यात हे शोभतं हो! पण हा माणूस कारेगावच्या बाजारात अंडी घेतानासुद्धा एकेक अंडं व्हर्नियरमध्ये धरून बघतो. घरातल्या गळक्या नळाला पिवळा टॅग. सासऱ्यांनी दिलेल्या भिंतीवरच्या घड्याळाला लाल, आणि सासरे आले की तेवढ्यापुरता त्याच्यावर रुमाल. भाभी एकदा वैतागून मला म्हणाल्या, “भाऊजी, घरात माणसं ऱ्हात्यात का पार्ट, तेवढं विचारून सांगा तुमच्या भाईंना.” आणि माझ्या लग्नाची तर गंमतच झाली. आहेराला स्टेजवर आले, मला मिठी मारली आणि उतरून गेले. फोटो आले तेव्हा कळलं की अर्धा तास माझ्या शेरवानीच्या खांद्यावर पिवळा टॅग लटकत होता: ‘होल्ड. कारण: आवाज फार मोठा.’ बायकोने तो जपून ठेवला आहे आणि वेळप्रसंगी काढून दाखवते.

हसायला ठीक आहे, पण भाईंच्या टेबलापाशी कुणाची हसायची टाप नाही. शिफ्ट संपत आली की सुपरवायझरला घाई, ड्रायव्हरला घाई, मला तर जन्मजात घाई. पण आकडा केसभर इकडचा तिकडं असला की भाई पेटी अडवून बसणार. मी एकदा चिडून म्हणालो, “भाई, केसानं काय फरक पडतोय? जाऊ द्या की!” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “ब्रेक हाय बाबा ह्यो. कुणाची तरी पोरगी बसलेली असती त्या गाडीत.” मी गाडी थांबवली. दुसरा त्यांचा कायदा खाडाखोडीचा. तपासणीच्या कागदावर आकडा चुकला तर त्यावर एक आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि त्यापुढं सही करायची. वरून गिरवायचं नाही. माझ्या रजिस्टरात एकदा एका पेटीचा आकडा गिरवलेला सापडला, तर या माणसाने मला अख्खं पान नव्यानं उतरवायला लावलं. “चूक कुणाचीबी व्हती,” म्हणाले, “पण सही न्हाई म्हंजी ती चूक न्हाई, लबाडी हाय.” आणि एक गोष्ट मला कायम खटकायची. एवढा जीव लावून तपासलेला माल गाडीत चढताना भाई कधी डॉकवर बघायला यायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, “पास झालेलं आपलं न्हाई ऱ्हात, डिस्पॅच. ते जातं. आपल्यापाशी ऱ्हातो तो रिजेक्टचा ढीग.”

भाईंना एकुलती एक पोर, सना. पाचवीत होती. शिरूरच्या एका चांगल्या खाजगी शाळेत होती, आणि तिथं परीक्षा घेऊनच मुलं घेतात. पोरगी बापाच्या वरताण! बाप वस्तू मोजणार, ही ती उघडून बघणार. तो लाल टॅगवाला घड्याळबाबा तिनं तीन वेळा खोलला आणि चौथ्यांदा चालू केला, तेव्हा भाईंनी वाजतगाजत टॅग बदलला. तिच्या वर्गाच्या बाईंनी दौंडच्या एका शाळेचं सांगितलं. तिथं मोठी प्रयोगशाळा आहे, मुलं स्वतःच्या हाताने यंत्रं जोडतात; प्रवेश परीक्षा मात्र कडक आणि राहायचं वसतिगृहात. भाईंनी फॉर्मवर सही केली ती निव्वळ चाचणी म्हणून. “बघू तरी, माल कुठवर टिकतोय.” आणि एका दुपारी निकाल आला. आम्ही कँटीनमध्ये होतो. मोबाइल बघून भाई बाकावर उभे राहिले, खरंच उभे राहिले, आणि ओरडले, “पास! पास झाली पोरगी! पहिल्या फटक्यात, बिना रीवर्क!” अहो, काय तो गोंधळ! झारखंडहून कामाला आलेली पोरं थाळ्या बडवायला लागली, आचाऱ्यानं शिऱ्याचं घमेलंच बाहेर आणलं, मी माझ्या त्या होल्डवाल्या आवाजात बोंब ठोकली. भाई प्रत्येकाच्या तोंडात शिरा कोंबत फिरले. मग चहा आला. भाईंनी कप उचलला आणि तो तसाच धरून मला हळूच विचारलं, “डिस्पॅच, पास झाली म्हंजी... जावं लागंल का रं तिला?”

त्या दिवसापासून भाईंच्या अंगात वारं भरलं. शिरूर की दौंड, हे असं भावनेवर ठरवायचं नाही, म्हणाले; दोन्ही शाळांचं ऑडिट होणार! चाळीस मुद्द्यांचा तक्ता त्यांनी आखला. रजा टाकून आधी शिरूरच्या शाळेत गेले. तिथल्या बाकांची उंची मोजली, पाण्याच्या टाकीवर चढले, मुलांची व्हॅन कारेगावाहून निघून शाळेत किती वेळात पोचते ते तीन दिवस मागं स्कूटर लावून पाहिलं. चौथ्या दिवशी व्हॅनवाल्यानंच गाडी थांबवून विचारलं, “भाई, काय चुकलंय का माझं?” मग दौंडची पाळी आली. मी मूळचा दौंड तालुक्यातला, खुटबावचा. तेव्हा वाटाड्या मी आणि गाडीही माझ्या चुलत्याची. भाई, भाभी, सना आणि चाळीस मुद्दे घेऊन आम्ही न्हावऱ्यावरून निघालो. सना खिडकीतून एकेका उसाच्या शेताला हात करत होती, भाभी मोबाइलवर वसतिगृहाला न्यायच्या सामानाची यादी करत होत्या आणि भाई दर दहा किलोमीटरला म्हणत होते, “लांब हाय बरं का. लईच लांब हाय.”

शाळा खरंच देखणी. मुख्याध्यापिका बाई शांत, पांढरी साडी, चेहऱ्यावर हसू. त्यांनी सनाला विचारायचे ते प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, “पालकांना काही विचारायचंय?” झालं! भाईंनी तक्ता उलगडला. “मॅडम, तुमच्याकडं रिजेक्शन किती?” बाई जरा अभिमानाने म्हणाल्या, “आम्ही फार निवडून घेतो. दहातलं एखादंच मूल घेतो.” भाई खुर्चीतून पुढं सरकले. “म्हंजी माल तुम्ही निवडूनच आत घेता. मग पोरं हुशार निघाली त्यात तुमचं काय? ती घरनंच हुशार आली. तुमच्या मशीनीनं काय केलं ते दावा की!” मी टेबलाखाली त्यांच्या पायावर पाय दिला, तो नेमका भाभींचा निघाला. बाई मात्र मोठ्याने हसल्या. “इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं,” म्हणाल्या. स्वतः उठून आम्हाला प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. तिथं मुलींनी भंगारातून पाण्याचा पंप जोडला होता आणि तो दणक्यात चालू होता. सना त्या पंपापाशी गेली ती तिथंच बसली. एका मुलीने तिच्या हातात पाना दिला. तिथून निघताना तिला तीन हाका माराव्या लागल्या. दुपारी वसतिगृहाच्या जेवणघरात भाईंनी चपातीची जाडी मोजली, चार चपात्या मोजल्या, चारही एकसारख्या. त्यांचा चेहरा इतका पडला की वाढणाऱ्या मावशींना वाटलं, काहीतरी खोट निघाली.

पुढच्या रविवारी दुपारी मला चहाला बोलावणं आलं. भिंतीवर तक्ता लावलेला, दोन्ही शाळांचे चाळीस मुद्द्यांचे आकडे आणि खाली बेरीज. शिरूर दोन मार्कांनी पुढं. “बघा,” भाई म्हणाले, “माझ्या मनाचं काय न्हाई. आकडं बोलत्यात. शिरूरच बरी.” बोलताना ते माझ्याकडं बघत होते, भाभींकडं बघत होते, सनाकडं मात्र नाही. सना रडली नाही, आणि तेच मला बघवेना. ती तक्त्यापाशी गेली आणि हात मागं बांधून, भाई पेटीपुढं उभे राहतात अगदी तशी, एकेक ओळ वाचत खाली आली. एका ठिकाणी तिचं बोट थांबलं.

“अब्बा,” ती म्हणाली, “दौंडच्या जेवणाला नऊचे सहा केलेत. वरून गिरवलंय.”

मी पुढं होऊन पाहिलं. नऊची गाठ खाली ओढून सहा केलेला, साफ दिसत होतं. अरे देवा! ब्रेकच्या पेटीवर कधी केसभर आकडा न ढळवलेला माणूस, ज्याने माझ्याकडून गिरवलेल्या एका आकड्यासाठी पान उतरवून घेतलं, त्याने चपातीचे तीन मार्क चोरले होते!

“चपात्या चारी सारख्या होत्या,” सना म्हणाली. “तुम्हीच मोजल्या. आन् खाडाखोड केली तर सही कुठंय?”

भाईंनी चष्मा काढला. पुसला. परत लावला. मग काढून हातातच धरला. “सही करवत न्हवती बेटा,” ते म्हणाले, आणि आवाज फुटलाच त्यांचा. “तू गेल्यावर ह्या घरात खोलून बघणारं कोन हाय? सगळं बंद पडंल की गं.”

भाभींनी पदर डोळ्याला लावला. सना बापाच्या अंगाला बिलगली आणि तशीच म्हणाली, “मी शिरूरला पण राहीन अब्बा. पण मग तुम्ही खरं लिहा. खरं लिहून मग मला ‘राहा’ म्हणा.” भाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग टेबलावरचं पेन घेतलं, त्या सहावर एक आडवी रेघ मारली, शेजारी नऊ लिहिले आणि त्यापुढं सही केली. बेरीज त्यांनी स्वतः पुन्हा केली. दौंड एका मार्काने पुढं गेली. “घ्या,” ते नाक ओढत म्हणाले, “डिस्पॅच, गाडी बघ.”

जूनमध्ये आम्ही तिला सोडलं. काय उत्साह! नवी पेटी, नव्या चपला, खुटबावहून माझ्या आईने पाठवलेले शेंगदाण्याचे लाडू, आणि दर सुट्टीला आमच्याकडं जेवायला यायचं असा आईचा हुकूम. पेटीला भाईंनी स्वतःच्या हाताने हिरवा टॅग बांधला. फाटकापाशी सनाने बापाच्या खिशात हात घातला, टॅगचा गठ्ठा काढला, त्यातल्या एकावर काहीतरी खरडलं आणि त्यांच्या शर्टाच्या गुंडीला अडकवून आत पळाली. पिवळा होता. ‘होल्ड. कारण: रडतात. दिवाळीत तपासणी.’ भाईंनी तो काढला नाही. येताना न्हावऱ्याला चहाला थांबलो, तिथंही नाही. दुसऱ्या दिवशी कामावर तो तसाच शर्टावर. साहेबांनी विचारलं तर म्हणाले, “क्लिअर व्हायचोय अजून.”

आता दिवाळीला थोडेच दिवस राहिलेत आणि टॅगचे कोपरे मळून गेलेत. पण भाई हल्ली एक नवीनच करायला लागलेत. मी पेट्या चढवत असलो की हात पुसत डॉकवर येतात, माझ्या कामात एकही चूक काढत नाहीत. गाडी गेटाबाहेर जाऊन वळणाआड होईपर्यंत तिथं उभे असतात. परवा ड्रायव्हरने गाडी चालू केली, तेव्हा खिडकीपाशी जाऊन त्याला एवढंच विचारलं, “दौंडवरनं जाती का रं ही?”